हिरव्या ठिपक्यांची भिंत

शेजारी फाटकाला हिरवा ऑइलपेंट लावतायत आणि त्या वासानं माझं टाळकं आजही सणकतं.

चिकलठाण्याच्या कारखान्यात मी भिंतीवर तक्ता केला होता. प्रत्येक मशीनच्या नावापुढं ठिपका: हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे हात लावू नका. कामगार तो बघूनच बटण दाबायचे. आमच्या मॅनेजरचा आवाज असा, की इथं ओरडला तर तिकडं पडेगावच्या म्हशी दूध चोरायच्या. त्या सकाळी तो ओरडला, "डायरेक्टर येतायत आणि भिंतीला गोवर? सगळं हिरवं करा!"

"साहेब, पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसचा ब्रेक धरत नाय."

"पाहुणे काय ब्रेक बघायला येतायत व्हय?" म्हणत त्यानं स्वतःच ब्रश उचलला.

रंग ओला असतानाच प्रेसवरचा काशिनाथ पाळीला आला. ठिपका बघून हसला, "झाली का दुरुस्त, भाऊ? लई बरं झालं!" मी 'थांब' म्हणत धावलो, पण प्रेस माझ्याआधी खाली आली. त्याची दोन बोटं गेली.

दुपारी डायरेक्टरांनी तक्त्याचं तोंडभरून कौतुक केलं. तेव्हा मला मॅनेजरचा गळा धरावासा वाटला होता. आता त्या डायरेक्टरचा धरावासा वाटतो. भिंतीपुढं मनसोक्त उभा राहिला मेला, पण प्रेसपुढचं स्टूल रिकामं का, एवढं विचारलं नाही.