कढईचे वजन

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघे एकदम बोलत होतात, म्हणून मला नीट उत्तर देता आले नाही. कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडून चटणी मागवायला निघालात आणि चटणीपेक्षा तिच्या प्रवासाचाच खर्च जास्त दिसला. "आजी, ही सरळ फसवणूक आहे. तू पोलीस होतीस ना? पकड त्यांना," असे धाकटीने फर्मान काढले. पकडण्याआधी काय करायचे असते आणि ते करायला मी स्वतः कशी चुकले होते, हे तुम्हाला सांगावेसे वाटले. फोनवर सांगितले असते तर अर्धे राहिले असते, म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला सोपे गेले असते. माझे सगळे शिक्षण त्याच भाषेत झाले. पण या हकिकतीतली माणसे कोल्हापुरी बोलतात, आणि त्यांना दुसऱ्या भाषेत बोलायला लावले तर ती माझ्याच ओळखीची राहणार नाहीत. अडेल तिथे आईला विचारा.

नोकरीच्या अगदी शेवटच्या वर्षांतले हे प्रकरण आहे. खुनाचे, दरोड्याचे तपास मी केले, त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे मात्र जसेच्या तसे लक्षात राहिले. नाव कुणाचेच लिहिणार नाही.

मी तेव्हा शहरालगतच्या एका ठाण्याची प्रभारी निरीक्षक होते. सकाळची हजेरी झाली की चहाच्या आधी टपाल बघायचे, हा माझा नेम होता. एके दिवशी वरच्या कार्यालयाकडून अकरा अर्ज एकाच गठ्ठ्यात चौकशीसाठी आले. अर्जदार निरनिराळ्या गावांचे होते, कुणी नागपूरचे, कुणी बंगळुरूचे. तक्रार मात्र एकाच व्यक्तीविरुद्ध होती. उचगावची एक बाई ऑनलाइन बाजारात बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कढया विकत होती. कढईला कुणीच नावे ठेवली नव्हती. राग होता तो शिपिंगवर. कढईचे वजन तीन किलो सातशे ग्रॅम असे तिनेच जाहीर केले होते. तेवढ्याच कढईला बाकीचे विक्रेते पोचवण्याचे अडीचशे रुपये घेत होते आणि ही चारशे तीस. वरचे एकशे ऐंशी कुणाच्या खिशात जातात, असा अर्जदारांचा प्रश्न होता.

माझे हवालदार मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, एकशे ऐंशी रुपयांपायी गुन्हं दाखल करायला लागलो तर ठाण्यात कागद पुरायचा न्हाय."

मी त्यांना म्हटले, थोडे थोडे पैसे पुष्कळांकडून घेणारा बहुतेक वेळा सुटतो, कारण एवढ्याशा रकमेसाठी कोण ठाण्याची पायरी चढणार? इथे अकरा जणांनी अर्ज करण्याचे कष्ट घेतले आहेत, तर आपण वाचण्याचे तरी घेऊ.

दोन दिवसांनी ठाण्यात एक निनावी फोन आला. उचगावची बाई हशिलाच्या, म्हणजे पोचवणावळीच्या, नावाखाली लोकांना लुटते, मीही कढया विकतो, त्याच कुरिअरने पाठवतो आणि मला अडीचशेच पडतात, असे त्या माणसाने सांगितले. "तिची कढई काय सोन्याची हाय?" एवढे विचारून त्याने फोन ठेवला. खबर देणाऱ्याचा हेतू आणि खबरीचा खरेपणा या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या असतात. हा माणूस तिचा स्पर्धक होता हे उघड होते. तरी त्याने सांगितलेला आकडा खरा निघाला.

बाईला जबाबासाठी बोलावले. तिशी-बत्तिशीची असेल. साडी नीटनेटकी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. नवरा कढया ओतणाऱ्या कारखान्यात साचे करणारा कामगार. ओतकाम चालू असताना लोखंडाचा तापलेला रस पायावर सांडला आणि सहा महिने तो घरीच होता. कारखान्याच्या मालकाने माणुसकी म्हणून कढया मूळ किमतीला द्यायला सुरुवात केली आणि हिने मोबाइलवर दुकान काढले. घर त्यावरच चालत होते. आता तक्रारींमुळे त्या ऑनलाइन कंपनीने पोलिसांचा अहवाल येईपर्यंत तिचे खाते थांबवले होते. अहवाल वाईट गेला असता तर दुकान कायमचे बंद, आणि गावात ठपका बसला असता तो वेगळाच.

मी तिला तासभर तेच प्रश्न उलटसुलट विचारले. खोटे बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी जास्त सफाईने सांगतो. ही दर वेळी तितकीच अडखळत होती. सुरुवातीला ती अडीचशेच घ्यायची. तीन महिन्यांपूर्वी कुरिअरवाल्याने अचानक चारशे तीस मागायला सुरुवात केली. काही दिवस वरचे पैसे तिने घरातून भरले, मग नाइलाजाने आकडा बदलला. पिशवीतून तिने तारेत ओवलेल्या कुरिअरच्या पावत्या काढल्या. मी त्या ऑर्डरींशी ताडून पाहिल्या. आकडा बदलल्यापासून गिऱ्हाइकाकडून जेवढे घेतले तेवढेच तिने कुरिअरला भरले होते.

"मॅडम, मी एक रुपाया वर घेतला न्हाय," ती म्हणाली. "त्याचा काटा खोटा हाय. भांडून भांडून थकले मी."

तिला घरी पाठवले आणि संशयाचा रोख कुरिअरवाल्याकडे वळवला. पावत्यांवर वजन लिहिलेले होते, पाच किलो साडेतीनशे ग्रॅम, पाच किलो चारशे. कढई पावणेचार किलोची सुद्धा नाही आणि पार्सल सव्वापाचच्या वर? काटाच मारला असणार, असे मीही धरून चालले.

कुरिअरवाला मूळचा जयसिंगपूरकडचा, घरात कन्नड बोलणारा, पिढीजात व्यापारी. ठाण्यात यायचे तर दुकान कोण बघणार म्हणाला, म्हणून आम्हीच गेलो. त्याने दराचा तक्ता पुढे ठेवला. पाच किलोपर्यंत अडीचशे. पाचाच्या वर एक ग्रॅम गेला तरी दहा किलोचा दर, म्हणजे चारशे तीस. हवालदारांनी शेजारच्या किराणा दुकानातून छाप मारलेले पाच किलोचे वजन आणून काट्यावर ठेवले. काट्याने बरोबर पाच दाखवले. दुसऱ्यांदा ठेवले, पुन्हा पाच.

"अजून एकदा ठेवा की," कुरिअरवाला म्हणाला. "काटा खोटा निघाला तर मलाच खोक्यात घालून पाठवा. हशील मी भरतो."

एवढे वजन भरते हे बाईला सांगितले का नाही, असे मी विचारले. पावतीवर लिहिलेलेच असते, आत काय आहे ते आम्ही बघत नाही, असे त्याने शांतपणे उत्तर दिले. अक्का येतात त्याच भांडायला, मग सांगायचे कुणाला, असेही म्हणाला.

म्हणजे पैसे घेणारी बाई खरी आणि वजन करणाराही खरा. तपासात असे झाले की समजायचे, आपले कुणाला तरी विचारायचे राहिले आहे. मला ते तेव्हाही समजले नाही. मी फक्त एवढेच ठरवले की आता कागद पुरे, वस्तू बघायची.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन उचगावला गेलो. घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत कढयांची उतरंड, दाराशी चिकटपट्टीचे गुंडाळे घेऊन बसलेली सासू. सत्तरीची, सडसडीत, हिरव्या बांगड्या. नवरा खाटेवर पाय लांब करून बसला होता. मी त्याला विचारले, सुनेला विचारले, हवालदारांनी शेजाऱ्यांना विचारले. म्हातारीकडे मी फक्त पाणी मागितले. तिने तांब्या आणून दिला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

खाते थांबल्यामुळे दोन बांधलेली पार्सले पडून होती. गल्लीतल्या दुकानातून काटा आणला. सुटी कढई तीन किलो सातशे. रिकामा खोका, त्यात घालायचे कागद आणि पुठ्ठे मिळून सहाशे ग्रॅम. चार किलो तीनशे व्हायला हवे. बांधलेले पार्सल ठेवले, तर पाच किलो साडेतीनशे.

सून काट्याकडे बघतच राहिली. पंचांसमोर हवालदारांनी चिकटपट्टी कापली, कागद बाजूला केले. कढईच्या पोटात केळीच्या वाळक्या पानात नीट बांधलेली गुळाची ढेप होती. तिचे वजन एक किलो पन्नास ग्रॅम भरले.

"आत्ती," सून सासूकडे वळली, "तुम्ही गुळाचा खडा घालताय म्हणाला होता."

"पयला खडाच घालत हुतो की," म्हातारी म्हणाली. "रिकामं भांडं कुणी देतंय व्हय? लोकांच्या चुलीवर चढायचं हाय ते."

मग सगळा उलगडा झाला. कढया बांधायचे काम सासूचे. भांडे रिकामे देऊ नये, ही तिची आयुष्यभराची रीत. ती प्रत्येक कढईत लिंबाएवढा गूळ घालायची, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होते. तीन महिन्यांपूर्वी कुठल्याशा लांबच्या गिऱ्हाइकाने कळवले, कढई छान आहेच, पण गूळ आमच्या मुलांनी पहिल्याच दिवशी संपवला. सुनेने ते कौतुकाने सासूला वाचून दाखवले. म्हातारीला वाटले, पोरांना पुरला नाही. तिचे माहेर कोडोलीचे, भावाचे गुऱ्हाळ. तिथून तिने किलोकिलोच्या ढेपा आणवल्या आणि खड्याच्या जागी अख्खी ढेप घालू लागली. गूळ आहे हे सर्वांना माहीत होते. किती आहे, ते कुणी पाहिले नव्हते. मीही नाही. अकरांपैकी एका अर्जात इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते की न मागवलेली एक जादा वस्तू मिळाली. तपासाशी संबंध नाही, असा शेरा त्या ओळीसमोर माझ्याच हस्ताक्षरात होता.

पंचनामा करून आम्ही निघालो. 

तिसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराने आत येऊन सांगितले की एक म्हातारी बाहेर बसली आहे आणि मोठ्या बाईंशिवाय कुणाला काही सांगत नाही. ती एकटी बसने आली होती. खुर्ची दिली तरी टेकली नाही.

"बाईसाहेब, माझा जबाब लिवून घ्या," ती म्हणाली. "माझ्या सुनंचं नाव काढा कागदावरनं. गूळ मी घातलाय. तिला माझ्यापायी हितं यायला लागलं."

मी तिला समजावले की गूळ देणे हा गुन्हा होत नाही.

"मग लोकांचं पैसं कसं गेलं?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला अनेक वकिलांनी उलटतपासणीत धरले, पण इतके नेमके कुणी विचारले नव्हते. तिने जे दिले होते त्याची किंमत घेणाऱ्याने भरली होती, आणि तीही त्याला न विचारता. हे तिला माझ्याआधी कळले होते. मी तिचा जबाब घेतला, वाचून दाखवला. तिने एकेक अक्षर सावकाश जोडत सही केली. जाताना म्हणाली, सून दोन दिवस बोलत नव्हती, आज सकाळी चहा दिला.

ज्यांनी अर्ज केले होते त्या अकरांनाच नव्हे, तर त्या तीन महिन्यांत चारशे तीस भरलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सुनेने वरचे एकशे ऐंशी परत करायचे ठरवले. तक्रार न करणाऱ्यांना कशाला, असे नवऱ्याने विचारले तेव्हा, त्यांचे पैसे काय झाडाला लागले होते का, असे ती म्हणाल्याचे हवालदारांनी मला सांगितले. ते पैसे फेडायला तिला पुढे बरेच महिने लागले.

कंपनीला पाठवायचा अहवाल मी स्वतः इंग्रजीत लिहिला. त्याचे तीन खर्डे झाले. लबाडीचा हेतू आढळला नाही, हे वाक्य लगेच जमले. पण भांडे रिकामे का देत नाहीत, हे सांगणारा परिच्छेद काही केल्या सरकारी होईना. शेवटी म्हातारीचे वाक्यच साध्या शब्दांत घातले. काही आठवड्यांनी खाते पुन्हा चालू झाले. अकरा अर्ज निकाली निघाले. त्यांतल्या दोघांनी मला उलट पत्र पाठवून कळवले की आम्हाला पैसे मिळाले, आणि आजींना आमचा नमस्कार सांगा.

तेव्हा, बाळांनो, शिपिंग जास्त दिसले म्हणून लगेच कुणाला चोर ठरवू नका, आणि विचारल्यावाचून पैसेही भरू नका. खोक्यासकट वजन किती, दराची पायरी कुठली, कुरिअरला प्रत्यक्षात किती भरता, हे विक्रेत्याला सरळ विचारा. खरा विक्रेता सांगतो. न सांगणाराही दर वेळी लबाड असतोच असे नाही. कधी कधी त्यालाच माहीत नसते. आणि विचारताना घरातल्या, दुकानातल्या एकूण एक माणसाला विचारा, ज्याच्याकडे फक्त पाणी मागायचे सुचते त्याला सुद्धा. हे मी नोकरीच्या आरंभी शिकायला हवे होते, शेवटी शिकले.

निवृत्तीनंतर मी त्या घरी एकदा जाऊन आले. नवरा पुन्हा कामावर जाऊ लागला आहे, थोडा लंगडतो. सुनेने घरात स्वतःचा काटा घेतला आहे, आणि प्रत्येक पार्सलमध्ये कुरिअर खरोखर किती घेतो ते छापलेला कागद असतो. गुळावरून दोघींची खडाजंगी झाली होती म्हणे. सून म्हणाली, मुळीच नको. सासू म्हणाली, मग बांधायला दुसरी कुणी बघ. शेवटी काट्यावर तडजोड झाली, पन्नास ग्रॅम, त्यावर कणभर नाही. म्हातारी आता पंचाहत्तरीची आहे, तिला कमी दिसते, पण बांधते तीच.

शिपिंग अडीचशे आहे आणि कढई रिकामी जात नाही.