चौथी स्टेज

आईच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं तेव्हा तिची बोटं आखडली होती. फिजिओथेरपीवालीने दाबायला दिलेला रबरी चेंडू दोन दिवसांत सोफ्याखाली गेला. मग मी टीव्हीला जोडायचा, जुने व्हिडिओ गेम भरलेला डबा मागवला आणि रविवारी पिंपळे सौदागरला तिच्याकडे घेऊन गेले.

"हे काय वय हाय का माझं?" ती म्हणाली. पण रिमोट हातात घेतला.

माझ्या लहानपणी आम्ही चिंचवडला एका खोलीत राहायचो. पप्पांची कंपनीत शिफ्ट, वर ओव्हरटाइम. एका दिवाळीला त्यांनीच व्हिडिओ गेम आणला होता. त्यातला उड्या मारणारा माणूस मला चौथ्या स्टेजच्या पुढे कधी नेताच आला नाही. तिथे दरीवर एक फळी पुढेमागे सरकायची. तीन लाइफ संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. मी रडायचे, रिमोट आपटायचे.

एकदा शाळा लवकर सुटली. घरी आले तर आई जमिनीवर बसलेली, पुढ्यात अर्धवट निवडलेली मेथी, हातात रिमोट आणि टीव्हीवर मी कधीच न पाहिलेली बर्फाची स्टेज. मला बघून तिने घाईघाईने टीव्ही बंद केला.

"पप्पांना सांगू नको," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला शिकवलं. "फळी जवळ आल्यावर न्हाई, जवळ यायला निघाली की उडी मार. तू पोचेस्तोवर ती येती."

आता या डब्यातल्या त्याच गेममध्ये मात्र ती पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडली. अंगठा वेळेवर दाबला जाईना. मी म्हटलं, "आई, यात मध्येच सेव्ह करता येतं. परत पहिल्यापासून नको."

"मग आपण कुठवर आलो ते कसं कळणार?" तिने पुन्हा सुरू केलं.

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी सहज विचारलं, "तुला तेव्हा हे एवढं का आवडायचं गं?"

तिने टीव्हीवरची नजर काढली नाही. "आवडायचं असं न्हाई. बीडवरून आलेली, कुणाची ओळख न्हाई. माझं बोलणं ऐकून नळावरच्या बायका हसायच्या. तुम्ही दोघं गेलात की खोलीत नुसता पंख्याचा आवाज. ह्याच्यात गाणं वाजायचं. बरं वाटायचं."

आईच्या चोरून खेळण्याची ही गोष्ट मी ऑफिसात कितीदा गंमत म्हणून सांगितली होती. मी तिच्याजवळ सरकून बसले.

त्याच दिवशी आम्ही चौथ्या स्टेजला पोचलो. शेवटची लाइफ होती. मी तिच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला. फळी लांब गेली, वळली.

"आता," ती म्हणाली. मी दाबलं. माणूस फळीवर उतरला.

परवा मी चाकणला कामावर जेवायला बसले होते, तेवढ्यात तिचा फोन आला. "काल एकटीनं पार केली. सकाळी भाकरी पण थापली मी."

"आणि पुढं?"

"पुढं काय, लगेच मेले," ती म्हणाली आणि बराच वेळ हसत राहिली.