चिंचेनं घासलेला व्हॉल्व

शेठच्या शेडमध्ये वाफेवर चालणारं जुनं इंजिन होतं, इंग्रजांच्या काळातलं, लोखंडी चाकांचं, शेतातली यंत्रं ओढणारं. ते परत चालू करायचं काम आमच्या ह्यांच्याकडं. कंपनीतली शिफ्ट सुटली की कुरुळीच्या खोलीवर यायच्या आधी तिकडंच. दोन वर्षं. त्याचा पितळी सेफ्टी व्हॉल्व तेवढा मिळत नव्हता, आणि शेठला ओरिजिनलच पायजे. शेवटी एका भंगारवाल्याकडं सापडला तर हे नाचले. आमचं लेकरू झालं तेव्हा ओव्हरटाइमला होते.

खंडेनवमीला हत्यारं पुजायला घरी आणली, त्यात तो व्हॉल्व. काळाकुट्ट. देवापुढं असा कसा ठेवायचा? हे आंघोळीला गेले तेवढ्यात मी पान्यानं खोलला, चिंच-मीठ लावून आतबाहेर घासला, परत आवळला. चांगला घट्ट. हे म्हणाले, "वा, सोनं केलंस की!" मी फुगले.

चार दिवसांनी पहिला जाळ घालायचा होता. सकाळी डबा घेताना म्हणाले, "वाफ जास्त झाली की व्हॉल्व उघडतो, कुकरच्या शिट्टीगत. किती आवळायचा ते मी नेमकं लावून ठेवलंय. न्हाई उघडला तर बॉयलरच फुटायचा."

मी पाण्याची बाटली तेवढी हातात दिली. ह्यांच्या रागाची भीती. हे गेले, आणि मग मी लेकरू काखेला मारून पळत सुटले, पायात चप्पल न्हाई, कंपन्यांच्या गाड्या अंगावर येतायत.

शेठ फेटा बांधून इंजिनावर बसलेला, हे जाळापाशी. मी वरडले, "आवं विझवा! मी खोलला होता त्यो! किती आटे बाहेर होते बघितलंच न्हाई मी!"

शेठ हसला. "वहिनी, कुकर हाय व्हय हा?"

"डाळ करपली वाटतं, शेठ," मागनं कुणीतरी.

ह्यांनी वर बघितलं. जाळ बाहेर ओढला. सगळं गार झाल्यावर व्हॉल्व बघितला, शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला. ते दोघांनीच बघितलं, ह्यांनी आणि मी.

"काय झालं रं?" शेठनं विचारलं.

"काय न्हाई शेठ. बायको जरा येडी झालीया. लेकरू झाल्यापासनं."

आता इंजिन वरातीत पुढं चालतं, व्हॉल्व लखलखतो. शेडवरची माणसं मला शिट्टी म्हणतात. हेही हसतात. या खंडेनवमीला ह्यांनी हत्यारं घरी आणलीच न्हाईत.