अण्णांनी लपवलेला अर्थ

आमचे जयनगरचे घरमालक अण्णा यांच्याइतका इंग्रजी शब्दांवर संशय घेणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत दुसरा नसेल. शब्द कुठून आला, त्याचे आईबाप कोण, पूर्वी तो काय धंदे करायचा, याची चौकशी झाल्याशिवाय ते तो तोंडात घेत नाहीत. भाडेकरू ठेवताना माझीही एवढी चौकशी झाली नव्हती. सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते शब्दांकडे वळले असावेत. मी पुण्याहून येऊन वरच्या मजल्यावर राहू लागलो, त्याच आठवड्यात खिडकीची काच तडकली. तसं सांगायला खाली गेलो, तर अण्णा काचवाल्याऐवजी जाडजूड शब्दकोश घेऊन वर आले. "विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा! उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा शब्द," ते आनंदाने म्हणाले. काच बसायला तीन आठवडे लागले आणि तोवर त्या डोळ्याने मला भरपूर सर्दी दिली.

एकदा कोरमंगलाच्या ऑफिसात डेडलाइन आहे म्हणून मी रिक्षाकडे धावत होतो, तर त्यांनी फाटकातच अडवलं. "स्वल्प थांबा. डेडलाइन म्हणजे तुरुंगातली रेघ. कैद्याने ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. सरी, ठीक आहे, आता जा." तो सगळा दिवस मी मॅनेजरच्या हातांकडे बघत काढला.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे अक्कांच्या, गळ्याला गाठ आली. डॉक्टरांनी सुई घालून नमुना काढला, रिपोर्ट चार दिवसांनी मिळेल म्हणाले आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून "डोन्ट वरी" म्हणाले. हे त्यांनी म्हणायला नको होतं. घरी येताच अण्णांनी चपलाही न काढता शब्दकोश उघडला. अक्कांनी विचारलं, "काय निघालं हो?" "काही नाही. साधाच शब्द आहे," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं आणि थोड्या वेळाने ते माझ्याकडे वर आले. दार लावून घेत हळूच म्हणाले, "वरी म्हणजे मुळात गळा आवळणं. लांडगा मेंढीची मान धरतो ना, ते. नेमका गळाच बघा! तिला बोलू नका." त्यांचा हात स्वतःच्याच गळ्यावर होता. एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

ते चार दिवस अण्णांनी एकाही शब्दाला अडवलं नाही. भाजीवाला त्यांच्यासमोर तीनदा ‘टेन्शन’ म्हणाला आणि सुखरूप सुटला, तेव्हा मला खरी धास्ती वाटली. शब्दकोशही त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणून ठेवला, अक्कांच्या हाती लागू नये म्हणून. अक्का कॉफी प्यायला लागल्या की हे समोर बसून त्यांच्या गळ्याकडे बघत आणि घोट खाली उतरेपर्यंत आपला श्वास धरून ठेवत.

गाठ निरुपद्रवी निघाली. फक्त दर सहा महिन्यांनी दाखवायची. अण्णा लहान मुलासारखे रडले आणि मिठाई आणायला धावले. मी शब्दकोश परत द्यायला गेलो, तर अक्का एकट्याच होत्या. पुस्तक घेत त्या म्हणाल्या, "ते ‘वरी’चं पान मी त्याच दिवशी वाचलं. हे आंघोळीला गेले होते तेव्हा. एवढ्या वर्षांत यांनी शब्दाचा अर्थ सांगितला नाही, असं कधी झालंय का?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी घाबरले म्हटल्यावर यांना कोण सांभाळणार होतं? गिळताना दुखायचं हो, सुई टोचली होती ना. तरी मुद्दाम मोठे मोठे घोट घेत होते. यांना दिसावं म्हणून."

पुढची तपासणी आता आठवड्यावर आली आहे. काल काही कामाने खाली गेलो, तेव्हा दोघं कॉफी पीत बसले होते. अण्णा अक्कांच्या गळ्याकडे बघत होते आणि अक्का मोठे मोठे घोट घेत होत्या. मला त्या दोघांविषयी फार माया वाटली आणि तितकीच भीतीही. काम उद्यावर टाकून मी दारातूनच परत फिरलो.