मोठ्या अक्षरातले मास्तर

बिडीच्या कारखान्यात हात गुंतलेले आणि तोंड रिकामं. एकाचा किस्सा संपला की दुसऱ्याला आपला आठवतो, आणि वर्षानुवर्षं तिथं बसलेल्या माणसाच्या डोक्यात नुसता ढीग होतो. गोंदियाच्या आमच्या कारखान्यातले बरेच किस्से हसण्यावारी नेण्यासारखे आहेत. हिरामण मास्तरांचे तेवढे मी फारसे सांगत नाही. आज विषय निघालाच आहे, तर सांगतो.

मास्तर आधी आमगावकडच्या शाळेत होते. नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले आणि बायकोला घेऊन गोंदियात, म्हणजे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातच, राहायला आले. आमची त्यांची ओळख मात्र पेपरातूनच. आमच्यात चौथी शिकलेला मी एकटा. म्हणून नागपूरचा पेपर मी मोठ्यानं वाचायचा आणि माझ्या वाट्याच्या बिड्या बाकीच्यांनी वळायच्या, असं ठरलं होतं. पेपर एक दिवस शिळा यायचा. आम्हाला तो ताजाच.

*

एकदा मास्तरांच्या आमगावच्या भाषणाची बातमी आली. ‘हजारोंचा जनसमुदाय’ असं जाड अक्षरात होतं. जाड अक्षरं मी जरा जोरात वाचत असे.

देवाजी म्हणून आमच्यातला एक जुना कारागीर त्या सभेत होता. तो म्हणाला, “काहीच्या काही. दीडशे लोक नसतील. बाजाराचा दिवस, अर्धे तं बैल घ्यायले आले होते.”

चार दिवसांनी हाच देवाजी नव्या माणसाला सांगत होता, “हजारो लोक होते, मी सोता होतो न तठी.”

मी म्हटलं, “देवाजी, तुमी तं दीडशे म्हटले होते.”

“मी मागं उभा होतो,” तो म्हणाला. “मले सगळे कोठून दिसतील?”

*

मग पेपरात मास्तरांचा फोटो आला. छपाई पुसट, त्यामुळे माणूस चांगला रुंद, भारदस्त दिसत होता. साखराबाईनं तो कापून भिंतीला चिकटवला. ती आमच्यात सगळ्यांत वयस्कर. सकाळी पान-तंबाखूचं सूप मांडीवर घ्यायच्या आधी फोटोला हात जोडायची.

एके दिवशी मास्तर खरेच कारखान्यात आले. बारीक अंगाचे, सारखे खोकणारे. दोन शब्द बोलले, तेही मागच्या ओळीत पोचले नाहीत. बसून पाणी प्याले. तरी साखराबाई दाराकडेच बघत होती. “मास्तर कवा येतील जी?” तिनं त्यांनाच विचारलं.

मास्तर हसले आणि म्हणाले, “येतील.”

ते गेल्यावर तिला आम्ही सांगितलं. तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, “फोटूतला मानूस बरा होता.”

*

बेचाळीसच्या पावसाळ्यात धरपकड झाली, त्यात मास्तरही गेले. दोन महिन्यांनी पहिल्या पानावर बातमी आली: ‘हिरामण मास्तर यांचा माफीनामा. सरकारकडून सुटका.’

मी ती खणखणीत आवाजात वाचली. पानं कातरणाऱ्या कैच्या थांबल्या. साखराबाई उठली, फोटो काढला आणि पानांच्या कचऱ्यात टाकला.

त्याच आठवड्यात मास्तरीणबाई कारखान्यात आल्या. घरात काही उरलं नव्हतं, बिड्या वळायला शिकते म्हणाल्या. बायकांच्या ओळीत त्यांना कोणी जागा दिली नाही. त्या दाराशीच बसल्या.

“सुटलेला मानूस घरी काऊन नाही आला?” देवाजीनं विचारलं. “तोंड लपवून राहिला काय?”

“सुटले कोठं?” बाई म्हणाल्या. “जेलातच हायेत. मी परवाच भेटून आली.”

“मंग पेपर खोटं बोलते काय, बाई?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पानं कातरत होतो, तसाच कातरत राहिलो. तीन दिवस त्या दाराशी बसल्या. चौथ्या दिवशी आल्या नाहीत.

*

पुढे महिनाभरानं आतल्या पानावर, खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीखाली, तीन ओळी सापडल्या. माफीनामा देणारे हिरामण मास्तर वेगळे, दुसऱ्या जिल्ह्यातले. नामसादृश्यामुळे चूक झाली.

मी वाचून दाखवलं.

“केवढ्या अक्षरात हाये?” देवाजीनं विचारलं. मी पेपर त्याच्यासमोर धरला. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “खरं असतं तं मोठं छापलं असतं.”

मास्तरीणबाईंचं घर माझ्या वाटेवर होतं. हे त्यांना जाऊन सांगायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. काय तोंडानं जायचं, हेच कळत नव्हतं.

*

हिवाळ्यात एका सकाळी पेपर उघडला, तर काळी चौकट. आत मास्तर. तुरुंगातच न्यूमोनियानं गेले. ‘भंडारा जिल्ह्याचा नरवीर’ असं इतक्या मोठ्या अक्षरात, की देवाजीला लांबूनच काहीतरी मोठं असल्याचं कळलं.

मी वाचलं. साखराबाई रडायला लागली. देवाजीनं टोपी काढली. कारखान्याच्या मुनीमजींनी काम बंद केलं. कोणी झेंडा आणला, कोणी झेंडूचे हार. कारखान्यातून निघालो तेव्हा पन्नास-साठ होतो, मास्तरांच्या गल्लीत वळेपर्यंत रस्ता भरला. “हिरामण मास्तर की जय” चाललं होतं. देवाजीचा आवाज सगळ्यांत मोठा.

मास्तरीणबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. जयजयकार ऐकून त्यांनी मान वर केली. झेंडा पाहिला, हार पाहिले. सूप तसंच टाकून घाईनं आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर धुतलेलं लुगडं होतं आणि हातात पाण्याचा तांब्या. एवढ्या वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“कोनत्या गाडीनं येऊन राहिले?” त्यांनी विचारलं.

जयजयकार पुढून मागे विझत गेला. देवाजी खाली बघत होता. मग हळूहळू सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेपर माझ्याच हातात होता.