माझी बहुपक्षीय पाणीवाटप समिती

आता स्वतःचीच फजिती कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा पाजताय, तर ऐका!

मी कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवतो. राहायला काळाचौकीच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. आमच्याकडे पहाटे तासभर पाणी येतं आणि कुठल्या मजल्याची चावी आधी फिरवायची, हे तळमजल्याच्या शेवंतामावशी ठरवायच्या. वर्षानुवर्षं! मला काय अवदसा आठवली, चाळीच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो.

"मावशी, एकाच महासत्तेचे दिवस संपले! बदलत्या जगात बहुपक्षीय सहकार्य लागतं."

"मग जगालाच सांग पाणी सोडायला!" म्हणत मावशी तरातरा निघून गेल्या.

मी लगेच समिती काढली. तीन मजले, तीन प्रतिनिधी, आणि प्रत्येकाला नकाराधिकार. काय खूश होतो म्हणून सांगू!

पहिल्या पहाटे तळमजला म्हणाला, "आधी आम्ही." पहिल्या मजल्याचा नकार. पहिला मजला म्हणाला, "मग आधी आम्ही." आता नकार माझा! तत्त्वाचा प्रश्न होता ना. चर्चा रंगली, तेवढ्यात पाणी गेलं. चार दिवस हेच. अख्खी चाळ शेजारच्या चाळीतून कळश्या आणत होती, मला शिव्या घालत.

आणि रविवारी माझ्या नातीचं नामकरण! भन्तेजी येणार, पन्नास पाहुणे जेवायला, आणि घरात पिंप कोरडं ठणठणीत.

"अहो, बाळाला नाव ठेवायचंय की लोकांनी आपल्याला नावं ठेवायचीत?" बायको, सुजाता, कडाडली.

"उपसमिती नेमतो," मी म्हटलं. ती तडक जिना उतरून खाली गेली. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

रविवारी पहाटे दार उघडतो तर काय! खालच्या दोन्ही मजल्यांची माणसं भरलेले हंडे घेऊन आमच्याच दारात. खालून मावशींचा आवाज, "पोरीचं नामकरण आहे, आधी दुसरा मजला भरा रे!" कुणाचाही नकार नाही.

"बघितलंत परब? समिती यशस्वी झाली!" मी पहिल्या मजल्याच्या प्रतिनिधीला म्हटलं.

"झाली ना सर. काल पहिल्यांदाच एक ठराव एकमताने पास झाला."

"कुठला?"

"तुम्हाला काढायचा."

"एकमताने कसा? दुसऱ्या मजल्याचं मत माझं!"

"तुम्ही सहकार्यावर भाषण द्यायला गेला होतात ना," हंडा खाली ठेवत परब म्हणाले, "म्हणून तुमच्या वतीने वहिनींनी हात वर केला. एक नाही सर, दोन्ही!"