टेंभरी मुक्कामी

बंडोपंतांनी मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता एकतीस हजार फायली पुसल्या आणि आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं अशा समाधानात ते पुन्हा वर्तमानपत्राकडे वळले.

समुद्रपूरच्या बसस्थानकासमोर वर्षालीचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, आधारमधल्या चुका, सगळं तिथे होतं. बंडोपंत देशकर हे निवृत्त गणित शिक्षक. तिथल्या पंख्याखालच्या खुर्चीत रोज अकरा ते एक बसणं हा आपला हक्क आहे असं त्यांचं मत. वर्षालीचं मत वेगळं, पण खुर्ची तिनं अजून उचललेली नव्हती. मंगळवारी ती बँकेत गेली आणि जाताना म्हणाली, सर, दुकानाकडे पाहाल. पाहाल, एवढंच म्हणाली होती. बंडोपंतांनी पाहिलं, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर जागा संपत आल्याची सूचना. आता हा चौतीस वर्षं तास संपला की फळा लख्ख पुसून मगच वर्गाबाहेर पडलेला माणूस. दुसऱ्याला आपला पसारा दिसू नये, ही त्यांची शिस्त. त्यांनी सगळ्यात लठ्ठ फोल्डर शोधलं. आत एकतीस हजार फायली, आणि माणसानं ठेवलेलं वाटावं असं नाव एकीचंही नाही. त्यांनी ते पुसलं. मग पडद्याच्या कोपऱ्यातली कचरापेटी भरलेली दिसली. भरलेली पेटी सोडून जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तीही रिकामी केली.

वर्षाली आली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग बंडोपंतांकडे.

"पुसलं तुमी?"

"जागा नव्हती गं. नुसता कचरा होता."

"चार दिवसाचं डाउनलोड होतं ते," वर्षाली म्हणाली आणि काउंटरवरच्या म्हाताऱ्याकडे वळून त्याचा अंगठा मशीनवर दाबू लागली. तिनं ओरडून घेतलं असतं तर बंडोपंतांना बरं वाटलं असतं. पण वर्षाली ओरडत नाही. माणूस ओरडण्याच्या लायकीचा आहे असं आधी वाटावं तरी लागतं.

तिच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं आहेत. पासवर्ड विसरलेली, आणि विसरणार असलेली. ग्रामसेवक असो, मुख्याध्यापक असो की नव्या मोटारीतून उतरलेला ठेकेदार, काउंटरसमोर आला की ती त्याला भाजीवाल्याकडच्या शेवटच्या वांग्यासारखं निरखते. फोन घरी विसरलो म्हणणाऱ्या एका पुढाऱ्याला तिनं शांतपणे सांगितलं होतं, "मंग तुमी बी घरीच राह्यले असते त जमलं असतं." तो पुढारी पुढच्या वेळी फोन, चार्जर आणि बायको, तिन्ही घेऊन आला. आता याच मुलीनं काउंटरला दोरीनं तीन चष्मे बांधून ठेवलेत, वेगवेगळ्या नंबरचे, म्हाताऱ्यांसाठी. आणि एका वहीत अर्ध्या तालुक्यातल्या पेन्शनवाल्यांचे पासवर्ड स्वतःच्या अक्षरात उतरवून कुलपात ठेवलेत. बंडोपंतांचंही पान आहे त्यात. वर लिहिलंय, "सर, चौथ्यांदा."

हिंगणघाटच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकली, पुण्यात अकरा महिने नोकरी करून परत आली. का आलीस, म्हणून विचारणाऱ्यांना तिचं ठरलेलं उत्तर होतं. तिथं बी लोकांले बंद करून चालू कराले सांगत होती, इथं बी तेच सांगते, इथं भाकर घरची भेटते.

पण ती भाकर एका गाडीवर अवलंबून होती, आणि त्या गाडीचंच आता खरं नव्हतं.

वर्षाली टेंभरीची. समुद्रपूरहून सतरा किलोमीटर आत. संध्याकाळी पावणेआठला टेंभरी मुक्कामी सुटते. म्हणजे गाडी गावात जाते, रात्रभर तिथेच थांबते, चालक-वाहक तिथेच निजतात, आणि सकाळी सहाला तीच गाडी गाव घेऊन परत येते. वर्षालीचं निम्मं काम पाचनंतरचं, माणसं शेतातून सुटल्यावरचं. ही मुक्कामी गाडी होती म्हणून दुकान साडेसातपर्यंत उघडं. अलीकडे मात्र गाडीत पाच-सहा डोकीच दिसू लागली. वाहक बंडूजींच्या कानावर आलं होतं की अशीच रिकामी गेली तर दिवाळीनंतर तिचा मुक्काम दुसऱ्या गावी हलेल. मग वर्षालीला साडेचारची गाडी धरावी लागणार. साडेचारला बंद होणारं ते दुकान कसलं, शाळा म्हणायची. आणि तिच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, तळेगावचं एक स्थळ आधीच हेरून ठेवलं होतं. दुकान आहे तोवर तो विषय दारात चपला काढून बसलेला होता, दुकान गेलं की आत येणार.

गाडी रिकामी का, याचा छडा वर्षालीनंच लावला. हल्ली सगळे फोनवर 'थांबा' नावाचं ॲप बघून निघतात. गावोगावच्या हौशी मुलांनी फुकट बनवलेलं. त्यात टेंभरीची शेवटची गाडी साडेचारची दिसायची. हिंगणघाटहून येणारा माणूस ते बघून पाचलाच मिळेल त्या काळी-पिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून जायचा, नाहीतर समुद्रपुरात साळ्याकडे राहायचा. वर्षालीनं तक्रार लिहिली. उत्तर आलं की प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला आहे, दुरुस्ती करून पाठवा, आनंद होईल.

तिनं उघडून बघितला. आत कुणा शहाण्यानं नियम घातलेला होता की एखादी बस एका थांब्यावर चार तासांपेक्षा जास्त उभी दिसली तर ती नोंद चुकीची समजून टाकून द्यावी. मुक्कामी नावाची गोष्ट त्या शहाण्याच्या गावाला गेलीच नव्हती. दुरुस्ती चार ओळींची. पण ती करून तपासायची तर तो सबंध प्रोग्राम आधी आपल्या कॉम्प्युटरवर उभा करावा लागतो. बंडोपंतांना हे कळलं तेव्हा ते थक्क झाले. शेजाऱ्याचा पंखा नीट करायला आधी आपल्या अंगणात तसंच घर बांधायचं, भिंती, खिडक्या, न्हाणीघरासकट. त्या घराचं सामान म्हणजे त्या एकतीस हजार फायली. तालुक्याच्या नेटवर, लाइन जाऊ-येऊ देत, चार दिवस खर्चून तिनं ते आणलं होतं. शनिवारी संध्याकाळी ॲपची नवी आवृत्ती निघणार होती. त्यानंतरची दिवाळी झाल्यावर.

आणि मंगळवारी सर फळा पुसून मोकळे.

बुधवारी बंडोपंत अपराधी चेहऱ्यानं आले. खुर्ची होती तिथेच होती, पण तिच्यावर नऊ छापील पानं ठेवलेली होती. प्रोग्राम उभा करण्याच्या सूचना.

"बसा," वर्षाली म्हणाली. "एकेक ओळ वाचाची. आपलं डोकं लावाचं नाई."

ती काळ्या खिडकीत अक्षरं टाकत होती, बंडोपंत वाचत होते. गिऱ्हाईक आलं की काम थांबायचं, गेलं की सुरू. मागच्या वेळी सामान कुठून आणलं ते तिला ठाऊक होतं, त्यात लाइनही टिकली, त्यामुळे या खेपेला भराभर उतरलं. पण सहाव्या पायरीवर गाडी अडली, जशी मागच्या वेळी दोन दिवस अडली होती. बंडोपंतांच्या खिशात लाल पेन होतं. निवृत्तीनंतरही होतं, सवयीनं. त्यांनी ते काढलं. सहाव्या पायरीत जे वापरायला सांगितलं होतं, ते बसवायला आठव्या पायरीत सांगितलं होतं. आवृत्तीचा आकडा दुसऱ्या पानावर एक आणि पाचव्यावर भलताच. आणि सातव्या पानावर लिहिलं होतं, आता नेहमीप्रमाणे सुरू करा. नेहमीप्रमाणे म्हणजे कसं, हे कुठेच नव्हतं. बंडोपंतांना असली उत्तरपत्रिका तपासून किती वर्षं झाली होती. त्यांनी गोल काढले, बाण काढले, समासात "कारण द्या" असं लिहिलं आणि शेवटी सवयीनं पस्तीसपैकी अकरा गुण देऊन "पुन्हा लिहा" असा शेरा मारला.

वर्षालीनं पानं ओढून घेतली. बराच वेळ बघत राहिली. मागच्या वेळी अडली तेव्हापासून ती स्वतःलाच मठ्ठ समजत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून आता हळूहळू उतरताना बंडोपंतांनी पाहिलं. गुरुवारी दुपारी तिच्या पडद्यावर तो प्रोग्राम एकदाचा चालला. तिनं आपल्या चार ओळी बदलल्या, टेंभरी मुक्कामी पडद्यावर उगवली, आणि तिनं दुरुस्ती पाठवली. त्याबरोबर सूचनांच्या पानांतल्या चुका इंग्रजीत नीट मांडून त्याही पाठवल्या, वेगळ्या, बंडोपंतांच्या नावानं खातं काढून. माझं नाव कशाला, असं ते म्हणाले, तर ती म्हणाली की पसारा तुमी केला, नाव बी तुमचंच लागंल.

बंडोपंतांची दुरुस्ती अर्ध्या तासात मंजूर झाली. खाली आभार, फुलं, टाळ्या. बंगळूरला बसून हे सगळं बघणारा ऋग्वेद नावाचा मुलगा होता, त्यानं लिहिलं की तीन वर्षं नवीन येणारा प्रत्येक जण इथे अडतो, पण सांगत कुणी नाही. बंडोपंतांनी ते दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचायला वर्षालीनं नकार दिला.

तिची दुरुस्ती मात्र अडली. ऋग्वेदनं विचारलं होतं की ही बस दहा तास त्या गावात करते तरी काय.

वर्षालीनं उत्तर टाइप केलं, "झोपते."

त्याला हे पटेना. नियम होता की चमत्कारिक वाटणारी नोंद दुसऱ्या कुणीतरी स्वतः जाऊन पाहिली पाहिजे, आणि तो दुसरा असा हवा की ज्याचं काम आधी मंजूर झालेलं आहे. शुक्रवारी सकाळी वर्षालीनं यादी उघडली. आख्ख्या वर्धा जिल्ह्यात असा एकच माणूस निघाला. कालपासूनचा.

तिनं बंडोपंतांकडे असं पाहिलं, जणू हा जिल्ह्याचा अपमान आहे.

त्याच संध्याकाळी पावणेआठच्या गाडीत बंडोपंत आयुष्यात पहिल्यांदा टेंभरीला निघाले. गाडीत वाहक बंडूजी धरून सात माणसं. वर्षाली दोन सीट पुढे बसली, ओळख नसल्यासारखी. घरी लक्ष्मणरावांनी पाय धुवायला पाणी दिलं, वर्षालीच्या आईनं, देवकाबाईंनी, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. जेवताना वर्षाली गोठ्याकडे गेली तशी देवकाबाई हळूच म्हणाल्या की पोरीनं सरांच्या गणिताच्या वह्या अजून ठेवल्या हायेत. बंडोपंत फुलून आले. वही आली. दहावीची, निळ्या कव्हरची. त्यांनी पानं उलटली. उदाहरण मांडलेलं, दोन पायऱ्या, तीन पायऱ्या, आणि मध्येच थांबलेलं. पुढचं उदाहरण, तेही अर्धं. प्रत्येक अर्ध्या उदाहरणाखाली पेन्सिलीनं एकच शब्द होता: पुसलं.

शेवटच्या बाकावर बसायची ती. एवढं त्यांना आठवलं. त्यांनी वही मिटली आणि देवकाबाईंना सांगितलं की भाजी फार छान झाली आहे.

सकाळी पावणेसहाला ग्रामपंचायतीसमोर गाडी उभी होती. तिच्या आरशात बघून बंडूजी दात घासत होते, वायपरवर टॉवेल वाळत होता, बोनेटवर एक कोंबडी बसली होती. बंडोपंतांनी तेरा फोटो काढले. अकरांत त्यांचा अंगठा आला. दोनांत गाडी आली, झोपेतून नुकतीच उठल्यासारखी. खाली त्यांनी स्वतः लिहिलं, वर्षालीला विचारून एकेक अक्षर शोधत: मी पाहिली. शनिवारी दुपारी चारला ऋग्वेदनं दुरुस्ती मंजूर केली आणि लिहिलं की कोंबडीचा पुरावा फारच मजबूत आहे. वर्षालीनं खिडकी बंद केली आणि काउंटरवरच्या बाईला म्हणाली, ओटीपी सांगा.

बंडोपंत त्यानंतर पंख्याखाली बसले तरी हात मांडीवर ठेवून बसत. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ते मुद्दाम पावणेआठला स्थानकावर आले. टेंभरी मुक्कामीच्या दाराशी रेटारेटी चालली होती. हिंगणघाटहून आलेली माणसं, पिशव्या, पोरं, फोनवर वेळ बघत चढणारी एक नवी सून. बंडूजी सांगत होते की मुक्काम हलवायची गोष्ट आता कुणी काढत नाही. वर्षाली शेवटच्या पायरीवर दांडा धरून लटकली होती, खांद्याला दुकानाची पिशवी, पाठीत कुणाचं तरी कोपर.

बंडोपंत दाराजवळ गेले. सकाळपासून शब्द जुळवून ठेवले होते, त्यातले निम्मे गर्दीत सांडले.

"वर्षाली, गाडी वाचली बघ. आता तरी त्या फळ्याचं माफ करशील ना मला?"

तिनं दांड्यावरचा हात बदलला आणि त्यांच्याकडे खालून वरपर्यंत एकदा पाहिलं.

"सर, तुमच्यापायी मले आता रोज उभ्यानं जा लागते."